हुतात्म्याचं पान

सोलापूर स्टेशनच्या फलाटावर आप्पांनी माझी ट्रंक डब्यात ढकलली, खिडकीशी आले आणि म्हणाले, "तितं गार लई असतंय म्हणं. डोकं झाकून फिर." गाडी सुटायला अजून वेळ होता. तोवर ते चहावाल्याशी भांडले. चहा पाणचट होता, हे खरंच होतं.

आई माझ्याशेजारी डब्यात बसली होती. ती कुर्डुवाडीपर्यंत येणार, तिथे उतरून मिळेल त्या गाडीने परत फिरणार, असं ठरलं होतं. मुंबईच्या विमानतळापर्यंत मला पोचवायचा मान खरा आप्पांचा. पण सोलापूर शहराची हद्द ओलांडायला त्यांना पोलिसांची परवानगी लागायची, आणि ती यायला इतका वेळ जायचा की तोवर माझं विमान कॅनडाला जाऊन परत आलं असतं. माझे आप्पा चिनी होते. बासष्टची लढाई महिन्याभरात संपली, पण चिनी माणसाने हद्दीबाहेर जाऊ नये हा नियम काही संपला नाही. गाडी हलली तेव्हा ते फलाटावर उभेच राहिले. इतर बाप गाडीबरोबर चालत होते.

ते बाहत्तर साल. खिडकीबाहेर काळीभोर, उघडी रानं. दुष्काळाने शेतात काडी उरली नव्हती. मोहोळच्या पुढे आईने पदर खोचला आणि पोटातलं बोलली.

"म्हाळ घातला त्ये लई बरं झालं. कावळा कसा झटक्यानं शिवला, बघितलंस न्हवं? म्हातारी सुकानं गेली. आता मला तुजं भ्या न्हाय. तिकडं बी ती तुज्या मागं हाय."

तिने हे मला धीर द्यायला सांगितलं. मला मात्र कुर्डुवाडी येईपर्यंत मागे वळून बघवेना.

म्हातारी म्हणजे माझी चिनी आजी, आप्पांची आई. तिला मी कधी पाहिलं नाही, तिचा फोटोही घरात नव्हता. निघण्याच्या दोनच दिवस आधी, सर्वपित्री अमावास्येला, आम्ही तिला मेलेली धरून तिच्या नावाने पान ठेवलं होतं. का, ते सांगायला हवं. तुमच्यातले जे सोलापुरात राहिले, त्यांना आमचं दातांचं दुकान आठवत असेल, पण दुकानाच्या मागच्या खोलीत काय चाललं होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना निदान मागे वळून न बघणं म्हणजे काय ते कळेल.

आप्पा हुबेई प्रांतातल्या एका खेड्यातले. त्या बाजूची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दोन धंदे करत मुलूख हिंडायची: कागदाची फुलं विकायची आणि दात काढायचे. जपानी फौज नदीच्या वाटेने वर सरकायला लागली, तेव्हा आजीने थोरल्याला बाहेर पाठवलं आणि धाकट्याला जवळ ठेवलं. दोघांतला एक तरी वाचावा, हा तिचा विचार. आप्पा कलकत्त्याला उतरले आणि गावं बदलत बदलत सोलापूरला टेकले. इथे गिरण्या होत्या, कामगारांच्या गालात तंबाखू होती, आणि किडक्या दाढांना तोटा नव्हता.

आई वळसंगची. लहानपणीच कपाळ पांढरं झालेली आणि गिरणीत सुताच्या कांड्या भरणारी. दाढ काढायला गेली आणि संसार मांडून बसली, असं गल्लीत म्हणायचे. आप्पांचं आडनाव वू. ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोकांनी त्यांना चिनप्पा करून टाकलं. मराठी ते पेशंटकडून शिकले, आणि पेशंट यायचे अक्कलकोट, वळसंग, मंगळवेढ्याच्या खेड्यांतून. त्यामुळे शहरातले डिग्रीवाले डॉक्टर त्यांच्या दातांच्या कामाला हसत नसत, बोलण्याला हसत. "आऽ कर. आनि मोट्टा. भितोस कशाला, मी काय वाघ हाय व्हय?"

दुकान बंद झालं की शेजारचे नरसय्यामामा ओट्यावर येऊन बसायचे. तेलुगू पद्मशाली विणकर, गिरणीतले, लाल बावट्याचे. त्यांच्यापाशी एकच मोठी गोष्ट होती आणि ती ते दर आठवड्याला सांगायचे: तीस साली सोलापूरने इंग्रजाला कसा पळवला, गावात चार दिवस सरकार कसं नव्हतं, मग गोरी फौज कशी आली आणि आपली चार माणसं फासावर कशी गेली. "आमी चार दिस का व्हईना, मोकळं हुतो, चिनप्पा."

आप्पांकडे उत्तरादाखल धाकट्या भावाची गोष्ट होती, पत्रांतून कळलेली. जपान्यांनी गावातलं धान्य नेलं, म्हशी नेल्या. मग एकदा दुसरीच माणसं आली, फाटक्या कपड्यातली, कम्युनिस्टांची. त्यांनी झोपायला घरोघरची दारं मागून घेतली, ती जमिनीवर टाकून त्यावर झोपली, आणि जाताना प्रत्येकाचं दार परत बिजागरीत बसवून, अंगण झाडून गेली. आजीने आयुष्यात असं सैन्य पाहिलं नव्हतं. घेऊन जाणारे तिला माहीत होते, परत बसवणारे नाही. धाकटा त्यांच्यामागे निघाला तेव्हा तिने त्याला अडवलं नाही.

नरसय्यामामांना ही दाराची गोष्ट फार आवडायची. ते ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे. आणि आप्पा भावाला पत्र लिहायचे तेव्हा त्यात मामांची इंग्रजाची गोष्ट लिहायचे, कारण स्वतःबद्दल काय लिहायचं? आज तीन दाढा काढल्या, हे किती वेळा लिहिणार?

पेकिंगला नवं राज्य आलं तेव्हा गिरणी कामगारांनी आप्पांची मिरवणूक काढली. त्यांना खुर्चीवर बसवलं, गळ्यात हार घातले, 'चिनी कॉम्रेड झिंदाबाद' म्हणाले. आप्पांनी तोवर नरसय्यामामा सोडून एकही कम्युनिस्ट जवळून पाहिला नव्हता. मी तेव्हा आईच्या कडेवर होते. पुढे भावाचं पत्र आलं, की आजीच्या नावाने जमिनीचा तुकडा झाला, ती बांधावर जाऊन बसते आणि उठतच नाही. त्या दिवशी आप्पांनी पेशंटना पेढे वाटले, दात दुखणाऱ्यांनासुद्धा.

बासष्टला त्याच रस्त्यावरून आलेल्या पोरांनी आमच्या पाटीवर दगड मारले. पाटीवर रंगवलेले दात फुटले. नरसय्यामामा काठी घेऊन महिनाभर ओट्यावर बसून होते, म्हणून दुकान वाचलं. आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी सुरू झाली. चीनला पत्र टाकायची आप्पांना भीती वाटू लागली. टाकलं असतं तरी पोचलं नसतं. तिकडूनही काही आलं नाही. पुढची दहा वर्षं आजी आहे की नाही, एवढंसुद्धा आम्हाला कळलं नाही.

आणि त्या दहा वर्षांत दर भाद्रपदात आमच्या घरी तेच भांडण.

"आवं, घरोघरी म्हाळ व्हत्यात. आपल्याच घरात पितर न्हाईत व्हय?"

"जिती आसंल तर?"

"आन मेली आसंल तर? उपाशी फिरतीया की परक्या मुलकात!"

आप्पा उठून दुकानात जायचे. मला दोघांचंही पटायचं, आणि त्याचीच भीती वाटायची. एक बाई जिवंतही आहे आणि भुकेली भटकतेही आहे, आणि ती माझी आजी आहे. लहानपणी अंधारात पाणी प्यायला उठायची माझी छाती नव्हती. मिरजेला नर्सिंग शिकले, मुडदे पाहिले, धुतले. मेलेल्यांची भीती गेली. तिची नाही गेली, कारण ती मेलेली आहे हे कुणी सांगत नव्हतं.

माझा व्हिसा आला तेव्हा आप्पा एकाएकी खचले. "घाल," एवढंच म्हणाले. आईने वडे, खीर, आमटी, सगळं केलं. गेलेली तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या असतेच. गच्चीवर पान ठेवलं. आम्ही हात जोडून मागे सरतोय न सरतोय तोच कावळा आला आणि त्याने पान पार उधळलं. आई रडली, समाधानाने. आप्पा कठड्याला धरून उभे होते. दुष्काळी साल, कावळ्यांच्या पोटात आठवड्याचा दाणा नसेल. त्यांना कुणाचंही पान चाललं असतं. पण हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

टोरोंटोला माझी पहिली शिफ्ट म्हाताऱ्यांच्या वॉर्डात लागली. बाहेर उणे वीस, आत हीटरने ओठ फुटायचे. शंभर बायांच्या तोंडात घास भरवले मी तिथे आणि प्रत्येकीत ती दिसायची. सोलापुरात मी चिन्याची पोरगी होते. इथे चायनाटाउनमध्ये भाजीवाली माझ्याशी सरळ चिनी बोलायची आणि मी मुक्यासारखी बोट दाखवायची. ओठावर शब्द यायचे ते 'कोथिंबीर हाय का' असले. फ्रीजरमध्ये ब्रेडची चवड असायची आणि मला ज्वारीची गरम भाकरी हवी असायची. दर सर्वपित्रीला वाटायचं, आज आईने पान ठेवलं असेल, आणि म्हातारी ते सोडून माझ्या अपार्टमेंटच्या दाराशी आली असेल. हसू नका. तुम्ही एकटे राहून बघा.

लिऊचाचा तिथेच भेटले, एका रेस्तराँच्या भटारखान्यात. हुबेईचे, आप्पांच्याच जिल्ह्यातले. अर्धं आयुष्य कलकत्त्यात काढल्यामुळे आम्ही हिंदीत बोलायचो. दोन चिनी चेहरे, बाहेर बर्फ, आणि गप्पा हिंदीत. कॅनडाचं आणि चीनचं जमलेलं होतं, इथल्या माणसाला तिकडे जाता यायचं. माओ गेल्याच्या पुढच्या वर्षी चाचा बहिणीला भेटायला निघाले. मी त्यांना आप्पांच्या गावाचं नाव दिलं. एवढीच विनंती केली, की आजीला कुठे पुरलं ते बघून या. आप्पांना सांगता येईल.

ते परत आले तेव्हा मी ड्यूटीवरून तशीच गेले. त्यांनी कोळंबी सोलणं थांबवलं नाही.

"तुम्हारी दादी ज़िंदा है, बेटी."

आनंद नंतर झाला. आधी डोळ्यांसमोर आला तो कावळा.

चाचांनी सगळं हळूहळू सांगितलं. लढाईनंतर काही वर्षांनी गावात चौकशा सुरू झाल्या: कुणाचं कोण परदेशात आहे, कोण शत्रूच्या मुलखात आहे. काका, आप्पांचा तो धाकटा भाऊ, तेव्हा गावातल्या पक्षाचा प्रमुख होता. ज्याचा भाऊ हिंदुस्थानात दात काढत सुखाने राहतो, त्याला लोकांसमोर गुडघ्यावर बसवलं असतं, आईला शेजारी. त्याने एका बैठकीत उभं राहून सांगितलं, माझा भाऊ कधीच मेला. सोलापूर नावाच्या गावात, तिथल्या गिरणी कामगारांबरोबर इंग्रज साम्राज्याशी लढताना मेला. गोळी कुठे लागली तेही सांगितलं. साल जुळत नव्हतं, पण तिथे सोलापूरचा इतिहास कोण तपासणार! नरसय्यामामांची गोष्ट, आप्पांच्या अक्षरात गेलेली, त्याने अशी वापरली.

दारावर पाटी लागली: हुतात्म्याचं घर. त्या पाटीने काका वाचला, आजीचा शिधा वाचला. आजीलाही त्याने खरं सांगितलं नाही, कारण ती कुणापाशी तरी बोललीच असती. ती पोरासाठी रडली. पितरांना पुजायला बंदी होती, तरी चिनी सातव्या महिन्याच्या, पितरांच्या पुनवेला ती दार लावून घेते, आणि पोराच्या नावाने भाताचा वाडगा आणि जेवायच्या काड्या मांडून ठेवते. अजून.

"मैंने नहीं बताया," चाचा म्हणाले. "बताता तो तख़्ती उतर जाती."

म्हणजे इकडे आम्ही तिला जेवू घालत होतो आणि तिकडे ती आप्पांना. दोघंही जिवंत, आणि दोघांच्या नावाने पानं.

अठ्ठ्याहत्तरला सुट्टी मिळाली तशी मी सोलापूरला आले. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. जेवणं झाल्यावर, नरसय्यामामा ओट्यावर असतानाच सांगितलं. आईने दोन्ही कान धरले. "जित्या माणसाचं पान घातलं मी! सा वर्सं!" ती तुळशीपाशी जाऊन डोकं टेकून बसली, उठेचना. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी हुतात्मा?"

"व्हय."

"दाढा उपटून?" ते हसायला लागले. मामाही हसले. "चिनप्पा, आता तुजा बी पुतळा बशिवतो की चौकात," ते म्हणाले. दोघं म्हातारे हसून हसून खोकले. मग आप्पांचं हसणं थांबलं, पण अंग हलायचं थांबलं नाही. मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी आप्पांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "तिला दात हायत का?"

चाचांनी ते सांगितलं होतं. एकही नव्हता. भात कुस्करून, पेज करून गिळायची.

आप्पा उठले, दुकान उघडलं, दिवा लावला. त्यांनी माप घ्यायचं मेण गरम केलं आणि स्वतःच्या तोंडात दाबलं. मला कळेना. "माजा जबडा आईचाच हाय," ते म्हणाले. "उजवीकडं जरा चडलेला. तिचा बी तसाच. बघ." मापावरून त्यांनी प्लास्टरचा साचा ओतला आणि त्यावर उमटलेले स्वतःचे उरलेसुरले दात कानशीने घासून काढले. मग हिरडी तासायला लागले, थोडी थोडी, थांबून थांबून. चाळीस वर्षांत म्हाताऱ्या बाईची हिरडी किती झिजली असेल, याचा अंदाज घेत होते. मी समोर बसून त्या पांढऱ्या साच्यातून एक म्हातारं तोंड निघताना बघितलं. आयुष्यभर जिला मी घाबरले, तिच्यातलं मला दिसलेलं एवढंच.

माझी सुट्टी संपेपर्यंत कवळी तयार झाली. आप्पांनी ती अनेकदा घासली, गालावर फिरवून कुठे टोचते का पाहिलं. विमानतळावर अधिकाऱ्याने डबी उघडून विचारलं, ही कुणाची? आजीची, मी म्हणाले. त्याने लगेच डबी मिटली.

पुढच्या वर्षी चाचा पुन्हा गेले. काकाने त्यांना एकच अट घातली, की पाटीला धक्का नको. बाकी, दिवस बदलतायत, तुम्हीच काय ते बोला. चाचा आजीच्या बिछान्यापाशी बसले. तिला आता दिसत नव्हतं. त्यांनी तिच्या हातात कवळी दिली आणि कानात सांगितलं, "तुझ्या थोरल्याने बनवलीय."

तिने ती चाचपली, तोंडात बसवली, दात दातांवर वाजवून बघितले. मग मान हलवली. तिला आश्चर्य वाटलं नाही. "मी दर वर्षी त्याला भात वाढते," ती म्हणाली. "मेला तरी पोरगा आईला विसरला नाही."

चाचा म्हणाले, मी तीनदा सांगितलं, तो जिवंत आहे. ती तीनदा हसली. जिवंत असता, तर आला नसता का?

हे आप्पांना सांगायला मी ट्रंक कॉल लावला, आमच्या गल्लीतल्या औषधांच्या दुकानात. तार खरखरत होती. मी शेवटचं वाक्य गाळलं. आप्पांनी ओरडून विचारलं, "उजव्या बाजूला बसली का?"

"बसली, आप्पा."

"मग झालं."

आमच्या घरी आता सर्वपित्रीला आजीचं पान नसतं. त्याऐवजी तिकडच्या त्या पुनवेला आई पांढरा भात शिजवते, आप्पा आंघोळ करून पूर्वेला तोंड करून बसतात आणि मुकाट्याने वाडगाभर भात संपवतात. आई सांगते, त्या दिवशी ते एक शीतसुद्धा टाकत नाहीत. तिकडे ती मांडते, इकडे हे जेवतात. तिच्या हातचं जेवायला त्यांना आता तेवढी एकच वाट आहे, मेलेला म्हणून.

मला लोक इथे विचारतात, तुझं घर कुठलं? चेहरा बघून चीन म्हणतात, पासपोर्ट बघून इंडिया, आणि येत्या साली मी कॅनेडियन होईन. मी सोलापूर म्हणते; ते कुणाला माहीत नसतं आणि त्यामुळे पुढचे प्रश्न टळतात. पण परवा दिवाळीला कॉल लावला तेव्हा आई म्हणाली, "तुजं पान मांडलं हुतं गं आमी. आप्पा म्हणलं, मांड. तुज्या आवडीची भरली वांगी केली हुती."

ती मायेने बोलत होती. पण रिकाम्या पाटासमोर वाढलेलं पान, आणि ज्याच्या नावाचं आहे तो समुद्रापार: हे मी ओळखत होते.

"आई," मी ओरडले, "मी जित्ती हाय!"

"आगं व्हय की," ती म्हणाली, "म्हणून तर कावळ्याला घातलं न्हाय. आप्पांनीच खाल्लं."